आप्पांची स्प्लेंडर, दोन नवे टायर आणि एक जुनी रिम

जून महिन्यातल्या एका रविवारी आईचा फोन आला. पाऊस, पेरणी, मावशीच्या मुलीचं लग्न असं सगळं बोलून झाल्यावर ती आवाज बारीक करून म्हणाली, "मी सांगितलं असं म्हणू नकोस. गुरुवारी आप्पा गाडीवरून पडले."

फार लागलं नव्हतं. गुडघा सोलवटला होता, मनगट सुजलं होतं. औरादहून संतपूरला येताना पहिल्या पावसाची भुरभुर सुरू होती. शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी डांबरी रस्त्यावर काळी माती आणून टाकलेली. समोर एक शेळी आडवी आली, आप्पांनी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक खालून निसटलं. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेले आप्पा आता अडुसष्टचे आहेत. त्यांनी आजवर गाडी कधी पाडली नव्हती.

मी हैदराबादला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. दूर राहणाऱ्या मुलाला अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. गाडी विकून टाकू, आप्पांना हलकी नवी स्कूटर घेऊन देऊ, हप्ता मी भरीन. फोनवर आडून आडून विषय काढला तर आप्पा म्हणाले, "गाडीला काय झालंय? गाडी चांगली आहे." ते एवढंच बोलले. पडल्याचं नाव नाही.

गाडी म्हणजे २००५ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. तुमच्याही गावाकडच्या घरी ओसरीत अशी एखादी उभी असेलच, स्प्लेंडर नसेल तर सीडी १०० किंवा बॉक्सर. स्प्लेंडर पहिल्यांदा आली १९९४ मध्ये. २०१० च्या डिसेंबरात हिरो आणि होंडा वेगळे व्हायचं ठरलं, त्यामुळे टाकीवर दोन्ही नावं एकत्र असलेल्या या गाड्या आता एका संपलेल्या भागीदारीची आठवण आहेत. ९७.२ सीसीचं इंजिन, छत्तीस तारांची दोन चाकं, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

आप्पांनी ती घेतली तेव्हा मी दहावीत होतो. केए ३८ ची प्लेट लावून ती बीदरहून घरी आली, तेव्हा आईनं चाकांना हळद-कुंकू लावलं. नंतर दहावीच्या परीक्षेच्या केंद्रावर, सीईटीला, मग बीईच्या प्रवेशासाठी बीदरला, प्रत्येक वेळी मी तिच्या मागच्या सीटवर. मांजरेचा पूल आला की आप्पा न चुकता गाडी हळू करायचे आणि पाणी किती आहे ते बघायचे. हा सगळा हिशेब धरला तर गाडी विकायचा माझा प्रस्ताव जरा आगाऊच होता, हे मला मान्य आहे.

पुढच्या शनिवारी घरी गेलो. आईचं नाव न घेता गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचा टायर बघितला. नक्षी ठीक वाटत होती, खाचा चांगल्या खोल होत्या. म्हटलं टायरचा दोष नाही, रस्ताच निसरडा असणार. तरी गाडी गावातल्या गॅरेजवर नेली. गॅरेजवाले चाचा खाली बसले, टायरवर अंगठ्याचं नख दाबलं, मग बाजूची भिंत दोन्ही अंगठ्यांनी ताणून मला जवळ बोलावलं. रबरात केसाएवढ्या असंख्य भेगा होत्या. चाचा म्हणाले, "ऊपर से जवान है बाबा, अंदर से बुड्ढा हो गया."

मग त्यांनी टायरच्या कडेला लिहिलेले चार आकडे दाखवले: २७१२. हे आकडे मी आयुष्यात पहिल्यांदा वाचले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २०१२ सालचा सत्ताविसावा आठवडा. मागचा टायर जास्त झिजतो म्हणून आप्पांनी तो मध्ये एकदा बदलला होता. पुढचा झिजतच नव्हता, म्हणून तेरा वर्षं तोच. आप्पा शाळेतून निवृत्त झाल्यापासून गाडी फिरते तरी किती? शेत, औराद, कधीतरी उदगीरला आत्याकडे. बाकी वेळ ओसरीत उभी.

आणि इथेच मी चुकत होतो. मला वाटायचं की कमी चाललेला टायर म्हणजे चांगला टायर. रबराचं गणित तसं नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत असतात. ते होऊ नये म्हणून टायर बनवतानाच त्यात संरक्षक रसायनं आणि एक प्रकारचं मेण मिसळतात. टायर फिरतो, दबतो, वाकतो, तेव्हा ते आतून थोडं थोडं पृष्ठभागावर येत राहतं आणि रबरावर पातळ पापुद्रा धरतं. गाडी उभी राहिली की ते येणं मंदावतं. वरून आमच्याकडचं ऊन. म्हणजे रोज चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून मरतो, उभ्या गाडीचा टायर न झिजताच मरतो. अशा टायरचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुततच नाही. खाचा कितीही खोल असोत, त्यांचं काम पाणी बाजूला सारणं. पकड धरायची ती रबरानं.

अजून एक गोष्ट सांगायची आहे, जरा लाज वाटते तरीही. दर दिवाळीला मी घरी गेलो की गाडी धुतो. टाकीला पॉलिश, सायलेन्सरला पॉलिश आणि टायरला ती बाटलीतली चमक, जी लावली की रबर काळंभोर नव्यासारखं दिसतं. गेली पाच-सहा वर्षं मी त्या भेगांवर स्वतःच्या हातानं चमक लावत होतो. फोटो काढून 'आप्पांची राणी' म्हणून स्टेटसलाही ठेवत होतो. अशा काही पॉलिशमधले द्रावक रबरातलं ते संरक्षक मेणच धुऊन काढतात, हे मला नंतर कळलं.

तर टायर बदलायचे हे ठरलं. दोन्ही. आता कोणते?

माझ्या डोक्यात आधीच एक चित्र होतं. काळ्या अलॉयची चाकं, ट्यूबलेस, मागे जरा रुंद टायर. गाडी कशी भरलेली दिसेल! मोबाइलवर दाखवलं तर आप्पा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मळ्यात नेलं तर माती कुठून निघणार?"

हा प्रश्न कुठल्याही व्हिडिओत कुणी विचारत नाही, कारण व्हिडिओ बनवणारे आपल्या काळ्या मातीत राहत नाहीत. बीदर शहर तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर आहे, पण मांजरा ओलांडून औराद तालुक्यात आलात की काळी कापसाची माती. तुरीच्या रानातून पावसाळ्यात गाडी काढून बघा. माती टायरला चिकटते, फिरत फिरत मडगार्डमध्ये जाते आणि तिथं घट्ट बसते. पाचशे फुटांत चाक जाम. मग काडीनं ती कोरून काढायची. टायर आणि मडगार्डमध्ये जी बोटभर फट कंपनीनं ठेवलेली असते, ती आमच्याकडे चैन नसून गरज आहे. टायर रुंद केला की पहिली ती फट जाते, आणि मागच्या बाजूला टायर चेनकव्हरला घासायची भीती वेगळी. शिवाय स्प्लेंडरची रिम अरुंद. तिच्यावर रुंद टायर बसवला तर तो वरून फुगतो, फक्त मधली पट्टी रस्त्याला टेकते. पैसे जास्त आणि पकड कमी.

ट्यूबलेसचंही तसंच. तारांच्या चाकात प्रत्येक तारेचं निपल रिमच्या भोकातून बाहेर येतं. छत्तीस भोकांतून हवा निसटणार, म्हणून आत ट्यूब हवीच.

तेव्हा मूळ मापच घेतलं: दोन्हीकडे २.७५-१८. म्हणजे टायरची रुंदी पावणेतीन इंच, रिमचा व्यास अठरा इंच. पुढे ४ पीआर आणि ४२ पी, मागे ६ पीआर आणि ४८ पी. हे ४२ आणि ४८ म्हणजे वजन पेलायचे सांकेतिक आकडे. ४२ चा टायर १५० किलो, ४८ चा १८० किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगाची मर्यादा, जी आमच्या गाडीनं स्वप्नातही पाहिलेली नाही. मागे आई आणि तिच्यासोबत पिशवी, कधी ज्वारीचं पोतं असतं, म्हणून मागचा टायर दणकट. उदगीरला दुकानात गेलो आणि पहिला प्रश्न किमतीचा न विचारता तारखेचा विचारला. दुकानदारानं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं, पण आतून चार महिन्यांपूर्वीचे टायर काढून दिले. दोन टायर, दोन ट्यूब, दोन रिमफ्लॅप मिळून चार हजारांच्या आत काम झालं. माझ्या मोबाइलचं कव्हर आणि हेडफोन मिळून यापेक्षा जास्त होतात.

खरी गंमत टायर काढल्यावर झाली. चाचांनी पट्टीनं मागचा टायर उचकटला आणि रिमच्या आतून तांबड्या भुग्याची धार जमिनीवर सांडली. बाहेरून मागची रिम बरी दिसत होती, थोडे ठिपके होते एवढंच. आत मात्र टायरची कड जिथं बसते तिथं गंजाचे खड्डे पडले होते, नखात अडकतील असे. निपलच्या भोकांतून पावसाचं आणि धुण्याचं पाणी आत जातं आणि रबराखाली कोंडून राहतं. दिवाळीच्या माझ्या पाइपच्या धारेचाही त्यात वाटा असणारच.

रिमवर चमकतो तो क्रोम, पण त्याचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्याच्या खाली निकेलचा जाड थर असतो, आणि लोखंडाला खरं तो सांभाळतो. क्रोमला बारीक चिरा असतात. पाणी तिथून निकेलपर्यंत आणि निकेलला भोक पडलं की लोखंडापर्यंत पोहोचतं. एकदा लोखंडाला खड्डे पडले की वरून काहीही चढवा, धातू गेला तो गेला. चाचांनी मागची रिम हातोडीच्या दांड्यानं वाजवली आणि बाजूला ठेवली. ती बदलायची. पुढची रिम आतून नुसती तांबूस होती, खड्डे नव्हते. ती वाचण्यासारखी होती.

इथं एक व्यावहारिक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. स्प्लेंडरची नवी रिम सहज मिळते आणि स्वस्त मिळते. पुढची जुनी रिम दुरुस्त करण्यात पैशांची बचत जवळजवळ नव्हतीच. जुन्या येझदीची किंवा राजदूतची चाकं असती तर गोष्ट वेगळी, त्यांचे भाग शोधत फिरावं लागतं. मी ती रिम ठेवली ती केवळ हौसेपोटी, हळद-कुंकू लावलेल्या चाकांपैकी एक तरी राहावं म्हणून.

तिला पुन्हा क्रोम करायचं की पावडर कोटिंग? क्रोमसाठी आधी जुने थर उतरवायचे, बफिंग करायचं, पुन्हा निकेल, वर क्रोम. नीट केलं तर देखणं होतं. पण हे काम वरवर करणारेच जास्त भेटतात, आणि निकेलचा थर पातळ दिला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तांबूस ठिपके. शिवाय क्रोमच्या हौदातलं पाणी विषारी असतं, ते कुठं सोडतात हा विचार मनातून जात नाही. पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी पूड विजेच्या भारानं धातूला चिकटवतात आणि भट्टीत १८०-२०० अंशांना भाजतात. पूड वितळून सलग कातडीसारखा थर होतो. मी चंदेरी रंग ठरवला आणि रिम बसमधून हैदराबादला घेऊन गेलो. कंडक्टरनं तिचं तिकीट घेतलं नाही, पण गुडघ्यांत धरून बसलेल्या माझ्याकडे सगळी बस झहीराबादपर्यंत बघत होती.

बालानगरच्या औद्योगिक वसाहतीत काम करून घेतलं. रिम चार दिवसांनी मिळाली, सुंदर दिसत होती. घरी येऊन बघतो तर छत्तीसही भोकांत रंगाचा जाड थर. निपल बसेनात. बळजबरीनं बसवली असती तर नंतर रंग दबून तारा सैल पडल्या असत्या. भोकं झाकून मगच पूड मारायची असते, हे त्यांनी केलं नाही आणि मी सांगितलं नाही. एक अख्खा रविवार गोल कानशीनं छत्तीस भोकं कोरण्यात गेला. हे मुद्दाम लिहितोय, तुम्ही करणार असाल तर रिम देतानाच सांगा. हब देणार असाल तर बेअरिंग काढूनच द्या, भट्टीत त्यातलं ग्रीस वितळून जातं.

तारा नव्या घेतल्या, दोन्ही चाकांना. तारांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः गंजून लोखंडाला वाचवतं. हे वाचताना बिदरीची आठवण झाली. आमच्या बीदरच्या बिदरी कामातला मुख्य धातूही जस्तच, त्यात थोडं तांबं. चांदीची तार ठोकून नक्षी भरली की किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडं घालतात. जस्त काळंकुट्ट होतं, चांदी तशीच पांढरी राहते. लहानपणापासून शोकेसमध्ये ती सुरई बघत आलो, पण जस्त या धातूबद्दल कुतूहल वाटलं ते पस्तिसाव्या वर्षी, मोटारसायकलच्या तारा हातात घेऊन.

चाक बांधणं हे काम माझं नव्हतं. प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. सुटं करण्यापूर्वी मोबाइलवर वीस फोटो काढले होते. मागे जाण्याची वाट आधी तयार ठेवायची, ही आमच्या धंद्यातली सवय. फोटो बघून तारा गुंफल्या, चाकाचा आकारही आला. पण फिरवलं तर रिम बैलगाडीच्या चाकासारखी डुलत होती. शेवटी सायकल दुकानवाल्या काकांकडे नेलं. त्यांचं दुकान आता जवळजवळ बंदच असतं. त्यांनी चाक उभं केलं, शेजारी खडू धरला, फिरवलं. खडू जिथं लागला तिथली एक तार ढिली, समोरची एक पाव फेरा घट्ट. मध्येच बोटानं तारा छेडायचे आणि कान द्यायचे. सगळ्यांचा आवाज एकसारखा आला की ताण एकसारखा. पाऊण तासात दोन्ही चाकांचा आउट निघाला. पैसे किती विचारलं तर म्हणाले, "सरांची गाडी आहे, तुझी असती तर घेतले असते." ते आप्पांचे विद्यार्थी निघाले. मी जबरदस्तीनं दोनशे रुपये ठेवले.

बाकीचं भराभर झालं. ब्रेकचे लायनर नवे घातले, ड्रम आतून साफ केले, पुढची बेअरिंग बदलली. ट्यूबला पावडर चोळून टायर चढवले, बाण फिरण्याच्या दिशेनं आहे ना ते दोनदा बघितलं. चेनचा ढिलेपणा तपासला. पुढचं चाक मंद चंदेरी आणि मागचं नव्या क्रोमनं लखलखीत, अशी ती जरा विजोडच दिसते. मी आप्पांना म्हटलं, पुढच्या वेळी दोन्ही सारखी करू. ते म्हणाले, "मी वर बसल्यावर मला दोन्ही दिसत नाहीत."

गाडीची आरसी याच वर्षी संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. माझ्या मनात कुठेतरी होतं की तेव्हाच विषय संपवू, नूतनीकरण करायचंच नाही. आता ते कागद मीच भरले. आप्पांनी स्वतः गाडी बीदरला नेली. मी मागे बसतो म्हटलं तर म्हणाले, "तू बसनं ये." नंतर कळलं, नव्या टायरवर सुरुवातीचे दीडशे-दोनशे किलोमीटर जपून चालवा असं चाचांनी सांगितलं होतं, आणि त्यांना कुणी मागे नको होतं. पूल आल्यावर थांबले का, हे विचारायचं राहिलं.

मी हैदराबादला परत आलो. निघताना टाकीच्या आत एक कागद चिकटवायचा विचार होता, पण जागा नव्हती, म्हणून आप्पांच्या वहीत लिहून दिलं: पुढे २५, मागे एकट्यासाठी २८, मागे आई असेल तर ४०. आमच्या पंपावरचा मुलगा आजवर दोन्हीकडे ४० च भरत आला होता, आणि कडक झालेल्या रबरात इतकी हवा म्हणजे काय होतं ते सांगायला नको. विज्ञान शिकवलेले आप्पा यावर वाद घालणार नाहीत असं वाटलं होतं. त्यांनी घातला. मागे ४० भरून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो तर काय, बारा काढायची का? मी म्हटलं, काढा. ते म्हणाले, फुकटची हवा सोडायची म्हणजे.

परवा सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला. मी झोपेत होतो. मागे भोंग्यासारखा कॉम्प्रेसरचा आवाज.

"उदगीरला चाललोय आत्याकडे. आई येताना तिथून बसनं येणार आहे. आता चाळीसच ना?"

"चाळीस. येताना—"

"येताना उदगीरला बारा सोडतो," आप्पा म्हणाले, आणि पंपावरच्या मुलाला ओरडले, "पुढे पंचवीस रे, पंचवीस!"